चौदाचा फरक

जगदाळेबाईंचा फरक चौदा होता. म्हणजे स्की शर्यतीतली खेळाडू शेवटची रेषा ओलांडायची, विजेच्या घड्याळात वेळ पडायचा आणि त्यानंतर चौदा शतांश सेकंदांनी बाईंचं बोट घड्याळाच्या बटणावर पडायचं. तीन हिवाळ्यांतल्या चारशे बारा नोंदी माझ्याकडे आहेत. सर्वांत कमी अकरा, सर्वांत जास्त सतरा. शून्याच्या अलीकडे, म्हणजे खेळाडू रेषेवर येण्याआधी, बाईंनी एकदाही बटण दाबलं नाही.

मी जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या मापन विभागात काम करतो. सारखं चुकणारं उपकरण चालतं, कारण चूक वजा करता येते. कधी बरोबर, कधी चूक असं उपकरण फेकून द्यावं लागतं. हे मी वीस वर्षं नव्या मुलांना शिकवत आलो. माणसात ते कसं दिसतं, हे मात्र बाई भेटल्यावर कळलं.

बाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या राहुलच्या आई. कराडकडच्या एका शाळेत पीटीच्या शिक्षिका. नोकरीत असताना आणि नंतरही जिल्ह्याच्या खो-खो सामन्यांना वेळाधिकारी म्हणून सव्वीस वर्षं बसल्या. बुटक्या, काटक, आवाज मैदानाला पुरेल एवढा. गळ्यात कायम दोन गोष्टी: काळी पोत आणि नाडीला बांधलेलं चावीचं स्टॉपवॉच. नवरा गेल्यावर पोत काढा असं कोणी सांगितलं होतं म्हणे. बाई म्हणाल्या होत्या, "पाळी संपल्याची शिट्टी मी वाजवली का? मग?"

आमच्याकडे सगळ्यांचे आईवडील मे-जूनमध्ये येतात. स्ट्रॉबेऱ्या, ऱ्हाइनची सफर, बागेत फोटो, मग परत. बाई पहिल्यांदा आल्या त्या डिसेंबरात, कारण सुनेची, अश्विनीची, तेव्हा परीक्षा होती आणि नात ईराकडे कोणीतरी हवं होतं. पाहुण्याच्या व्हिसाचे नव्वद दिवस. पुढच्या दोन्ही वर्षी मात्र कोणी न बोलावता बाईंनीच कळवलं, "मी डिसेंबरात येते. उन्हाळ्यात काय करू तिथं?"

त्याला कारण पहिल्या हिवाळ्यातली एक शर्यत.

आमच्या गावाला डोंगर नाही, पण स्की क्लब आहे. शनिवारी पहाटे बस निघते आणि अडीच तासांत आल्प्सच्या पायथ्याशी आल्गॉयच्या बर्फावर पोचते. ईरा तेव्हा सहा वर्षांची. लहान मुलांची शर्यत, बर्फात रोवलेल्या काठ्यांची पंधरा फाटकं, उतार अगदी सौम्य. ईरा सुरुवातीच्या चौकटीत उभी राहिली आणि थिजली. सुरुवात करून देणाऱ्या बाईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मागे पालक कुजबुजायला लागले. जगदाळेबाई कुंपणाला खेटून उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, ईराच्या पाठीवर थाप मारली आणि खणखणीत ओरडल्या, "खो!"

पोर सुटली. पंधराच्या पंधरा फाटकं घेतली. वेळही चांगला आला.

फलकावर तिच्या नावापुढे बाद लागलं. क्लबचे वेळप्रमुख ब्रेंडले, सत्तरीचे, गणिताचे निवृत्त मास्तर, स्वतः खाली आले. बाहेरच्या माणसाची मदत झाली की खेळाडू बाद, असा नियम त्यांनी राहुलला वाचून दाखवला. राहुल तापला. "सहा वर्षांची आहे हो ती! आणि ही आजी आहे तिची, बाहेरची कुठली?"

"काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं. माझा हात लागला."

"आई, तू गप्प बस जरा."

"तू गप्प बस. खो-खोत बसलेल्याला आधी उठू दिलं, तर मी कोणाच्या आजीचं ऐकलं असतं का?" मग माझ्याकडे वळल्या. "कदम, त्यांना विचारा, पोरीला बाद केलं ते ठीक, पण तिचा वेळ किती होता? माझ्या घड्याळात एकतीस पॉइंट सहा आहे."

ब्रेंडलेंनी कागद पाहिला. एकतीस पॉइंट चार आठ. त्यांनी बाईंच्या गळ्यातलं घड्याळ बोटांनी उचललं, उलटं करून पाहिलं आणि मला म्हणाले, "या बाईंना विचारा, पुढच्या शनिवारी मोकळ्या आहेत का."

ईरा मात्र आठवडाभर आजीशी बोलली नाही. बोलली तेव्हा जर्मनमध्ये बोलली. बाईंनी मला जिन्यात अडवून विचारलं, "डिस्क्वालिफित्सीर्ट म्हणजे बादच ना? मग म्हणू दे तिला. खरं आहे ते."

स्की शर्यतीत वेळ विजेवर मोजला जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण रेषेजवळ हातात घड्याळ घेतलेलं एक माणूसही बसवावंच लागतं, हे टीव्हीवर दिसत नाही. वीज दगा देईल तेव्हासाठी. दगा दिलाच, तर आधीच्या दहा खेळाडूंचे विजेचे आणि हाताचे वेळ घेतात, फरकांची सरासरी काढतात आणि तेवढा फरक त्या एका हाताच्या वेळेतून वजा करतात. म्हणून हाताने वेळ घेणाऱ्याने अचूक असणं गरजेचं नाही. त्याने दर वेळी तेवढंच चुकायला हवं.

क्लबची तरुण मुलं या कामात बाईंपेक्षा जलद होती. कधी दोन शतांशांचा फरक, कधी चार. पण कधी उणे सहासुद्धा, कारण खेळाडू येतेय असं दिसलं की बोट आधीच निघायचं. बाईंना ते मान्य नव्हतं. "डोळ्यानं दाबायचं, मनानं नाही. मन पुढं पळतं." मीही दोन वेळा बसून पाहिलं. माझे फरक उणे तीनपासून एकवीसपर्यंत आले. बाईंनी तो कागद पाहिला आणि घडी करून परत दिला. "तुम्ही बेरजा करा, कदम."

तेव्हापासून मी बेरजा करतो.

बाईंच्या तयारीचा एक भाग बटाटा होता. हातमोजा घालून बटण नीट कळत नाही, म्हणून उजवा हात उघडा. तो गार पडू नये म्हणून सकाळी उकडलेला बटाटा चांदीच्या कागदात गुंडाळून त्या जाकिटाच्या उजव्या खिशात ठेवत. दोन खेळाडूंच्या मध्ये हात खिशात, पुढची निघाली की हात बाहेर. शर्यत संपली की तोच बटाटा सोलून, मीठ आणि काळं तिखट लावून खायचा. आधी नाही. ब्रेंडलेंनी त्यांना विजेरीवर तापणारा हातमोजा आणून दिला होता. बाईंनी तो चालू करून पाहिला, बंद केला आणि विचारलं, "हा नंतर खाता येतो का?" मी भाषांतर केलं. दुसऱ्या शनिवारी ब्रेंडलेंच्या खिशातही बटाटा होता.

पहिल्या वर्षी मुलांच्या शर्यती, दुसऱ्या वर्षी राज्याच्या. तिसऱ्या वर्षी आमच्या क्लबला आल्गॉयमध्ये महिलांची आंतरराष्ट्रीय शर्यत भरवायला मिळाली. टीव्हीवर दिसते त्या मोठ्या मालिकेच्या एक पायरी खालची, पण अकरा देशांच्या मुली आणि त्या मोसमाचे गुण त्यांच्या खात्यावर चढणार. शर्यत जानेवारीत होती. ब्रेंडलेंनी शेवटच्या रेषेवरच्या हाताच्या वेळेसाठी बाईंचं नाव कळवलं. बाईंनी कराडला कोणाला काही सांगितलं नाही, पण विमानातून उतरल्या त्या दिवशीच मला म्हणाल्या, "उद्यापासून पूल."

पूल म्हणजे नेकार नदीवरचा सायकलचा पूल. त्याच्या तोंडाशी पांढरा पट्टा आहे. बाई एका टोकाला उभ्या राहून सायकलचं पुढचं चाक पट्ट्यावर आलं की बटण दाबत. मी तिकाटण्यावर फोन लावून संथ चित्रण करत असे आणि घरी येऊन चौकटी मोजून फरक काढत असे. आधीच्या वर्षी आठवड्यातून एकदा जात होतो. या वर्षी बाईंना रोज जायचं होतं आणि आकडे त्याच दिवशी हवे होते. बायको म्हणायची, "अहो, आज पण पूल? भाजीत मीठ कमी की जास्त ते कधी एवढं मोजलंत?"

चौथ्या दिवशी सायकलवाले आम्हाला पाहून वेग कमी करायला लागले. एक आजोबा चक्क उतरले आणि हातात सायकल धरून पट्टा ओलांडला. मग विचारलं, "तुम्ही ओर्डनुंग्सआम्टकडून का?" म्हणजे दंड करणाऱ्या नगरपालिकेच्या खात्याकडून. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, परत जाऊन नीट जोरात या. ही नोंद बाद."

आजोबा खरंच परत गेले. फरक चौदा.

जानेवारीत बर्फच पडलं नाही. शर्यत पुढे ढकलली, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी. राहुल म्हणाला, काळजी नाही, आईचे नव्वद दिवस त्यानंतरच्या सोमवारी भरतात, तिकीट सोमवारचंच आहे. एका रात्री त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. फ्रिजवर तिकीट लावलेलं होतं. सवयीने मोजलं. पुन्हा मोजलं.

"राहुल, आल्याचा दिवस धरलास का?"

"तो कशाला धरायचा? संध्याकाळी सातला तर उतरली ती."

"तोही धरतात. सोमवार एक्याण्णवावा आहे."

राहुलने घास ताटात ठेवला. एक दिवस जास्त राहिल्याची नोंद झाली असती तर पुढचा व्हिसा अवघड होता. अश्विनीने तिथल्या तिथे तिकीट बदललं. रविवारी रात्रीचं, म्युनिकहून. शर्यत शनिवारी, एकोणनव्वदाव्या दिवशी. बाई शांतपणे भाकरी मोडत होत्या. "म्हणजे एक दिवस हातात आहे," त्या म्हणाल्या. "खूप झाला."

शनिवारी सकाळी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रतिनिधी आल्या. शेजारच्या देशातल्या, उंच, घाईतल्या. शर्यतीचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी रेषेजवळ स्टुलावर बसलेल्या बाईंना पाहिलं. टोपीखाली स्कार्फ, साडीवर क्लबचं निळं जाकीट, पायात बुटांवर ओढलेले लोकरी मोजे.

"या स्की करतात?"

"नाही," ब्रेंडले म्हणाले.

"जर्मन?"

"आकडे येतात."

"मग का?"

ब्रेंडलेंनी माझ्या हातातला तक्ता घेऊन त्यांना दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. लोक सहसा शेवटची ओळ पाहतात, त्यांनी सगळा वाचला. मग म्हणाल्या, "चौदा. बरं," आणि पुढे गेल्या.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "पूर्ण वाचला ना?"

त्या दिवशी बारा मुली उतरल्या आणि धुकं आलं. तेरावी सुरुवातीच्या चौकटीत वीस मिनिटं उभी राहिली. मग भोंग्यावरून सांगितलं, आजची फेरी रद्द, शर्यत उद्या साडेनऊला. राहुल माझ्याकडे पाहायला लागला, मी घड्याळाकडे. दोन फेऱ्या, मग म्युनिकपर्यंत दोन तास, मग विमानतळावरच्या रांगा. दुपारी तीनला निघालो तर जमेल, चारला निघालो तर नाही. बाईंनी खिशातून बटाटा काढला, पाहिला आणि राहुलच्या हातात दिला. "तू खा. मी खाणार नाही. शर्यत कुठं झाली?"

रविवार स्वच्छ उजाडला. पहिली फेरी वेळेवर झाली. राहुलने बॅगा गाडीत भरून गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीस मुली उलट्या क्रमाने उतरतात, सर्वांत जलद मुलगी शेवटी. मी वेळेच्या खोलीत, खिडकीशी. प्रत्येक खेळाडूनंतर विजेचा आकडा ब्रेंडले वाचायचे, हाताचा मी लिहायचो.

सत्ताविसावी मुलगी शेवटच्या फाटकावर पडली. रेषा ओलांडून घसरत आली आणि रेषेवर घड्याळ थांबवणारा विजेचा डोळा बसवलेल्या खांबावर आदळली. खांब आडवा झाला. मुलगी ओरडत होती. मदतनीस धावले. तेवढ्यात वरून अठ्ठाविसावी निघालीसुद्धा होती. ती उत्तरेकडच्या एका देशातली होती आणि पहिल्या फेरीनंतर तिसरी होती.

सगळे पडलेल्या मुलीकडे पाहत होते. खरं सांगायचं तर मीही. पडलेल्या मुलीला त्यांनी बाजूला ओढलं, आणि पुढची रेषेवरून गेली. मोठ्या फलकावरचं घड्याळ थांबलंच नाही. पंचावन्न, छप्पन, सत्तावन्न. खाली उभी राहून ती मुलगी त्या पळत्या आकड्यांकडे पाहत होती. चेहरा मला दूरवरून दिसला नाही, पण दोन्ही काठ्या तिच्या हातातून गळलेल्या दिसल्या.

ब्रेंडले म्हणाले, "हात?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाई स्टुलावर होत्या, हात खिशात. त्यांच्या हातातल्या, क्लबच्या तारेने जोडलेल्या घड्याळाचा आकडा माझ्या पडद्यावर आलेला होता. बावन्न पॉइंट एक्केचाळीस.

आधीच्या दहा जणींचे फरक मी एकाखाली एक लिहिले. चौदा, तेरा, चौदा, पंधरा, चौदा, चौदा, तेरा, पंधरा, चौदा, चौदा. बेरीज एकशे चाळीस. दहाने भागायला काही लागत नाही, तरी मी भागाकार कागदावर मांडला. चौदा वजा, बावन्न पॉइंट सत्तावीस. प्रतिनिधींनी स्वतः पुन्हा केला. तेच आलं.

शर्यत संपली तेव्हा ती मुलगी दुसरी होती. तिसरीपेक्षा तीन शतांशांनी पुढे. तिसरीचा प्रशिक्षक आमच्या खोलीत आला. ओरडण्याच्या तयारीनेच आला होता. "तीन शतांशांवर तुम्ही माणसाच्या बोटावर विश्वास ठेवता?" ब्रेंडलेंनी त्याच्यापुढे दहा आकड्यांचा कागद ठेवला, आणि त्याखाली माझा चारशे नोंदींचा. त्याने दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे बोट कोणाचं आहे?" ब्रेंडलेंनी खिडकीतून दाखवलं. बाई तेव्हा बटाटा सोलत होत्या. त्याने तक्रारीचा अर्ज न भरताच टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन बाईंच्या समोरून जाताना टोपी काढली. बाईंना वाटलं, बटाटा मागतोय. अर्धा दिला त्याला. तिखट लागल्यावर तो जे काही म्हणाला ते त्याच्या भाषेत होतं.

त्या मुलीचा खरा वेळ बावन्न सत्तावीसच होता का? मला सिद्ध करता येणार नाही. पण बाईंच्या त्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी माझ्याकडे आहेत, आणि नियमाला जेवढी खात्री लागते त्यापेक्षा ती जास्त आहे.

निघालो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ब्रेंडलेंनी छापील निकाल गाडीच्या खिडकीतून आत दिला. वरच्या बाजूला अधिकाऱ्यांची नावं असतात. त्यात 'शेवटच्या रेषेवरचा हाताचा वेळ' यापुढे बाईंचं नाव आणि कंसात भारत. राहुलने लाल दिव्याला तो कागद दोनदा वाचला. मागची गाडी भोंगा वाजवेपर्यंत.

"आई, खांब पडला तेव्हा तू घाबरली नाहीस?"

"खांब पडला. रेषा कुठं पडली?" बाई म्हणाल्या. "बर्फावर निळी ओढलेली होती की."

म्युनिक जवळ आल्यावर त्या मला म्हणाल्या, "कदम, ब्रेंडलेंना सांगा, माझ्या नावापुढचे चौदा खोडायचे."

"का?"

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पिकत आलाय. कराडला गेले की ऑपरेशन. नवा डोळा, नवा फरक. तो मोजल्याशिवाय मला बसवू नका म्हणावं."

राहुलने आरशातून पाहिलं. "कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

मी मनात दिवाळीपासून डिसेंबरापर्यंत मोजलं. मग लक्षात आलं. "म्हणून रोज पूल?"

"मग काय सायकली मोजायला? आकडा हलला असता तर मीच उठले असते स्टुलावरून. तुम्हाला दिसला असता की आधी. म्हणून तर तुमच्याकडे दिलं होतं काम." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हलला का?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटचे तीस धरले तर चौदा पॉइंट शून्य तीन."

त्या खिडकीबाहेर पाहायला लागल्या. चेहरा दिसत नव्हता, पण मान ताठ होती.

विमानतळावर पासपोर्टची रांग लहान होती. काचेपलीकडे अधिकाऱ्याने पानं उलटली, पडद्यावर पाहिलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं. राहुलने माझं मनगट धरलं होतं. मग शिक्का पडला. नव्वदावा दिवस, सहा वाजून वीस मिनिटं.

बाईंनी पासपोर्ट पिशवीत टाकला आणि वळून उजवा हात वर केला, उघडाच. पण काचेवर दिव्यांचा उजेड होता, अंतर बरंच होतं, आणि तो डोळा. त्या आम्हाला नाही, आमच्या डावीकडच्या जाहिरातीच्या खांबाला हात करत होत्या, अगदी ठामपणे.

मी राहुलकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आम्ही दोघं मुकाट्याने चार पावलं डावीकडे सरकलो आणि त्या खांबापुढे उभे राहून हात हलवायला लागलो.